कारवानचा अंगठा

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुत्र्याच्या लक्षणांवर एक अगदी छोटा अध्याय आहे. सहाव्या शतकातल्या उज्जैनच्या या ज्योतिषाने गाय, कोंबडा, कासव, बोकड, घोडा, हत्ती यांच्या शुभाशुभ खुणा सांगितल्या, तशा कुत्र्याच्याही सांगितल्या, आणि सांगताना सुरुवात केली ती नखांपासून. तीन पायांना पाच-पाच नखे, पुढच्या उजव्या पायाला सहा, ओठ आणि नाकाचा शेंडा तांबूस, चाल सिंहासारखी, जमीन हुंगत जाण्याची सवय, झुबकेदार शेपूट, लांब मऊ कान. असा कुत्रा ज्याच्या घरी पोसला जातो त्याची लवकरच भरभराट होते, असे त्याचे म्हणणे. कुत्रीच्या बाबतीत सहावे नख पुढच्या डाव्या पायाला हवे. बेरीज केली तर ही २१ नखे होतात. साधारण कुत्र्याला असतात १८: पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार. म्हणजे वराहमिहिराच्या भाग्यवान कुत्र्याला मागच्या दोन्ही पायांना एकेक नख जास्तीचे होते आणि पुढच्या एका पायाला आणखी एक. आजच्या भाषेत ही जन्मजात विकृती ठरेल. त्या काळी ती घराची शोभा होती.

पुढच्या पायाच्या आतल्या अंगाला, मनगटापाशी, जमिनीपासून थोडे वर जे पाचवे नख दिसते तो कुत्र्याचा अंगठा. हौशी पालक आणि पशुवैद्य त्याला ड्यू क्लॉ म्हणतात. मागच्या दोन्ही पायांना आतल्या बाजूने असेच नख असले तर एकूण २० भरतात, आणि वीस नखांचा कुत्रा म्हणजे काहीतरी वेगळा, ही समजूत भारतात बऱ्याच ठिकाणी आढळते. पिल्लू दोन-चार दिवसांचे असतानाच ही नखे मुळापासून काढून टाकावीत की राहू द्यावीत, हा प्रश्न आता लातूर-नांदेडकडच्या कारवान जातीचे कुत्रे पाळणाऱ्यांपुढेही येतो. पूर्वी पिल्लू तांड्यावर, मेंढवाड्यात किंवा शेतातल्या आखाड्यावर जन्मायचे. आज त्याचा जन्म फोटोत पकडला जातो, त्याचे आगाऊ पैसे दिले-घेतले जातात आणि प्रदर्शनात त्याचे पाय कसे दिसतील याचा विचार जन्मापासून सुरू होतो. या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: पुढचा अंगठा शाबूत ठेवावा, मागच्या जास्तीच्या नखाचा निर्णय एकेका पिल्लाचा पाय तपासून घ्यावा, आणि सरसकट कापण्याची चाल आपली नाही, ती आपल्याकडे रुजू देऊ नये. यातली पहिली दोन विधाने शरीरशास्त्राच्या आधारावर उभी आहेत. तिसरे इतिहासाच्या, म्हणून आधी इतिहास.

आपल्या जुन्या वाङ्मयात कुत्रा हा नखे मोजून ओळखलेला प्राणी आहे. धर्मशास्त्राने प्राण्यांचे जे गट पाडले त्यात पाच नखांचे प्राणी हा एक मोठा गट, आणि त्यातले साळ, घोरपड, ससा, कासव असे मोजके सोडले तर बाकीचे अभक्ष्य. मनुस्मृतीत हा नियम आहे, वाली मरताना रामाला याच नियमाची आठवण देतो, आणि महाभारताच्या शांतिपर्वात दुष्काळाने गांजलेला विश्वामित्र कुत्र्याची तंगडी चोरायला जातो तेव्हा तिथला श्वपच, म्हणजे कुत्रे शिजवून खाणारा चांडाळ, त्याला हाच नियम ऐकवतो. कुत्रा पंचनख ठरतो तो अंगठ्यामुळेच. अंगठा मोजला नाही तर त्याच्या चारही पायांना चार-चारच बोटे. हे वर्गीकरण करणाऱ्यांनी प्राण्याच्या पायाकडे नीट पाहिले होते, आणि जमिनीला न टेकणारे ते नख त्यांनी हिशोबात धरले होते. नंतरचा मोठा दुवा आपल्या अंगणातलाच आहे. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर याचा मानसोल्लास हा ग्रंथ ११३० च्या आसपासचा. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या बिदर जिल्ह्यातले. राजाच्या करमणुकींच्या यादीत त्याने हत्तींच्या झुंजी, कोंबड्यांच्या झुंजी, ससाण्याची शिकार यांच्याबरोबर कुत्र्यांच्या शिकारीला स्वतंत्र प्रकरण दिले, त्याचे नाव सारमेयविनोद. आपल्या या मुलखात कुत्रा राजदरबारी विषय होता, त्याची निवड आणि शिकवण लिहून ठेवण्याइतकी महत्त्वाची होती, एवढे यावरून निश्चित होते.

कोणी म्हणेल, वराहमिहिराच्या शकुनांवरून पशुवैद्यकाचे निर्णय घ्यायचे का? नाही घ्यायचे. उजव्या पायाला सहावे नख असले म्हणजे घरात पैसा येतो, हे मी मानत नाही आणि वाचकाने मानावे अशी अपेक्षाही नाही. या उताऱ्याचा माझा उपयोग वेगळा आहे. जी गोष्ट एखादा समाज शुभ म्हणून मोजतो, ती तो जन्मतःच कापून टाकत नाही. जास्तीच्या नखाला इतका मान होता याचा अर्थ ते पाहिले जात होते, आणि पाहिले जात होते म्हणजे ते जागेवर होते. दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे: आपल्या परंपरेने कुत्र्याला काही फारसे सन्मानाने वागवलेले नाही. खेड्यांतून पिल्लाचे कान कापण्याची चाल होती, काही ठिकाणी अजून आहे. त्याने कुत्रा तिखट होतो किंवा झोंबाझोंबीत लांडग्याच्या दाताला कान सापडत नाही, असे सांगितले जाते. जनावरांना तापल्या लोखंडाचे डाग देणे हा तर औषधोपचारच समजला जाई. हे सगळे खरे आहे आणि ते लपवून आपली परंपरा दयाळू होती असे भासवणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण या क्रूर चालींची कारणे त्या लोकांना सांगता येत होती. अंगठा कापण्याचे असे कारण धनगराकडे नव्हते, तांड्याकडे नव्हते, शिकाऱ्याकडे नव्हते. कान कापणाऱ्यानेही पाय तसाच ठेवला.

मराठवाड्यातले कुत्र्याचे स्थान समजून घ्यायचे तर दोन देवस्थानांकडे पाहावे लागते, आणि दोन्ही नांदेड जिल्ह्यात आहेत. एक माहूर, जिथे रेणुकेच्या गडाशेजारी दत्तशिखर आहे. दत्ताच्या पायाशी जे चार कुत्रे दाखवतात त्यांना चार वेद मानतात. दुसरे लोहा तालुक्यातले माळेगाव, नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावरचे, खंडोबाचे. खंडोबाच्या घरोघरच्या टाकांवर घोड्याच्या पायांशी कुत्रा कोरलेला असतो, आणि देवाला वाहिलेला वाघ्या स्वतःला देवाचा कुत्रा मानून कोटंब्यातले अन्न खातो. मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास इथे भरणारी यात्रा भटक्या-विमुक्तांची यात्रा म्हणून ओळखली जाते. घोडे, गाढवे आणि इतर जनावरांचा बाजार, जातपंचायती, तमाशे, आणि जिल्हा परिषदेच्या वतीने भरणारे अश्व, श्वान, कुक्कुट प्रदर्शन, असा तिचा पसारा असतो. ज्या देवाच्या पायाशी कुत्रा आहे त्याच्याच दारात कुत्र्यांना क्रमांक दिले जातात, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. कुत्र्याची पारख करणारे डोळे या मुलखात फार जुने आहेत.

कारवानचा इतिहासही याच रस्त्यांचा आहे. मोगल आणि दख्खनी फौजांना धान्य पुरवणारे बंजाऱ्यांचे तांडे शेकडो, कधी हजारो बैलांचे असत, आणि रात्री मुक्कामाच्या मालाला राखण कुत्र्यांची असे. बंजाऱ्याने सावकाराकडे गहाण ठेवलेल्या इमानी कुत्र्याची कथा मध्य भारतात आजही सांगितली जाते, तिचा धागा याच धंद्याशी जुळतो. सडपातळ, खोल छातीचे, लांब तोंडाचे, नजरेवर शिकार धरणारे हे कुत्रे तांड्याबरोबर फिरत आले म्हणून ते कारवान. त्यातले कान, शेपूट आणि पायांवर रेशमी केस असणारे पश्मी. कृष्णेच्या खोऱ्यात मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी स्थानिक बेडर शिकाऱ्यांकडचे असेच कुत्रे जमवून त्यांची निगराणी केली, त्यामुळे तिकडे त्यांना मुधोळ हे नाव पडले आणि २००५ साली टपाल तिकिटावरही तेच नाव छापले गेले. केनेल क्लब ऑफ इंडिया त्यांना कॅरावॅन हाउंड म्हणून नोंदवते. लातूर-नांदेडकडे मात्र राजाश्रय नव्हता. निजामाच्या राज्यातल्या या भागात हे कुत्रे शेतकऱ्यांनी, धनगर-हटकरांनी, पारध्यांनी आणि तांड्यांनी टिकवले. त्यांची निवड प्रदर्शनाच्या रिंगणात झाली नाही, तुरीच्या धसकटांतून, भेगाळलेल्या काळ्या रानातून आणि माळावरच्या सराट्यांतून झाली. ज्याला ससा वळला की वळता आले तो राहिला, त्याची पिल्ले मागून नेली गेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाच्या मागे कुत्रा सोडणे गुन्हा ठरवले आणि ते योग्यच झाले. पण तोवर या कुत्र्याचा पाय घडून झाला होता. अशा निवडीतून अंगठा गेला नाही, ही साक्ष मी कोणत्याही ग्रंथापेक्षा मोठी मानतो. आफ्रिकेतल्या रानकुत्र्यांच्या पुढच्या पायाला चारच बोटे उरली आहेत, म्हणजे निसर्गात अंगठा गळू शकतो. आपल्या माळावर तो गळला नाही.

मग कापण्याची चाल कुठली? कुत्र्याच्या पायावर हत्यार चालवण्याचा सर्वांत सविस्तर लेखी नियम इंग्लंडच्या राजरानांत सापडतो. राजाच्या हरणांमागे कुणाच्या कुत्र्याने लागू नये म्हणून रानाच्या हद्दीत राहणाऱ्यांच्या कुत्र्यांच्या पुढच्या पायाची तीन नखे छाटण्याची सक्ती होती. १२१७ च्या वनसनदेत ही सक्ती रद्द झाली नाही, तिला फक्त शिस्त लावली: तपासणी दर तीन वर्षांनी, पंजाची गादी न कापता तीनच नखे, आणि न छाटलेल्या कुत्र्याच्या मालकाला तीन शिलिंग दंड. ती नखे जमिनीला टेकणारी होती, अंगठ्याची नव्हेत, त्यामुळे आजची चाल थेट तिथूनच निघाली असा दावा मी करणार नाही. पण नखावर कुत्र्याची पकड आणि धाव अवलंबून असते हे त्या राजांना पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी कुत्रा न मारता त्याला निकामी करण्यासाठी नख निवडले. अंगठा काढण्याची चाल व्यवस्थित रुळली ती पुढे, कुत्र्यांच्या प्रदर्शनांच्या युगात. १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, जातींची लेखी मानके आली, आणि पायाची सरळ, गुळगुळीत रेष हा गुण ठरला. ब्रिटनच्या १९६६ च्या पशुशल्यवैद्य कायद्याने तर पिल्लाचे डोळे उघडण्याआधी ही नखे काढायची मुभा पशुवैद्य नसलेल्या प्रौढ माणसालाही दिली. घरच्या घरी, कात्रीने, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, ही रीत तिथून पुस्तकांत शिरली आणि पुस्तकांतून जगभर गेली. मानकांमध्येही एकवाक्यता नाही. फ्रान्सच्या ब्रियार आणि बोसरॉन या मेंढपाळ कुत्र्यांना मागच्या प्रत्येक पायाला जोडनख असलेच पाहिजे, नसले तर कुत्रा बाद. नॉर्वेच्या किनारी कड्यांवरून पफिन पक्षी पकडणाऱ्या लुंडेहुंडला प्रत्येक पायाला निदान सहा बोटे लागतात. इतर कित्येक जातींत तेच नख काढलेले चालते किंवा काढलेलेच बरे दिसते. शरीराला खरोखर अपायकारक असलेली गोष्ट एका खोऱ्यात सक्तीची आणि शेजारच्या खोऱ्यात निषिद्ध ठरत नाही. हा रूढीचा आणि दिसण्याचा भाग आहे.

आता पाय. पुढच्या पायाच्या अंगठ्याला स्वतःची हाडे असतात, सांधा असतो, आणि हाताच्या स्नायूंपासून आलेल्या चार-पाच कंडरा त्याला जोडलेल्या असतात. चालताना तो अधांतरी असतो, म्हणून निरुपयोगी वाटतो. पण कुत्रा भरधाव सुटला की शरीराचा सगळा भार क्षणभर एका पुढच्या पायावर येतो, मनगट इतके वाकते की अंगठा जमिनीला भिडतो, आणि त्याच क्षणी कुत्र्याला दिशा बदलायची असेल तर पायाला बसणारा पीळ हा अंगठा रोखतो. कुत्र्यांच्या क्रीडावैद्यकात काम केलेल्या अमेरिकी पशुवैद्य क्रिस्टीन झिंक यांनी हे वर्षानुवर्षे छायाचित्रांसह मांडले आहे. अंगठा काढला की त्या कंडरांना जोडलेले स्नायू कामाविना सुकतात आणि मनगट सैल पडून पुढे सांधा दुखतो, असे त्या सांगतात. यातला शेवटचा भाग, अंगठा नसल्यामुळेच संधिवात होतो हा, त्यांच्या अनुभवावर उभा आहे. तो मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेला म्हणून मी पुढे करत नाही. मात्र २०१८ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी अडथळ्यांच्या शर्यतीत धावणाऱ्या कुत्र्यांचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले, त्यात पुढचे अंगठे नसलेल्या कुत्र्यांच्या इतर बोटांना इजा होण्याची शक्यता जास्त आढळली. मालकांनी भरून दिलेल्या प्रश्नावलीवरचा हा निष्कर्ष असल्याने तो निर्णायक मानता येत नाही. तरीही दोन बाबी लक्षात घ्याव्यात. अंगठा काढणारे ज्या इजेच्या भीतीने तो काढतात, ती इजा त्यांनी टाळली नसून शेजारच्या बोटांकडे ढकलली असावी, असे हे आकडे सुचवतात. आणि ज्या कुत्र्यांकडे पाहून हे कळले ते वळणाचे कुत्रे होते, म्हणजे कामाच्या दृष्टीने कारवानचे सख्खे भाऊ.

पालकांचा सर्वांत खरा आक्षेप रानातल्या इजेचा आहे. कुत्रा बोराटीच्या कुंपणातून घुसतो, धसकटात नख अडकते, फाटते, रक्त थांबत नाही, माशी बसते, अळ्या पडतात, आणि शेतातून दवाखाना वीस-तीस किलोमीटरवर असतो. हे घडते आणि ज्याने ते पाहिले त्याची काळजी खोटी नाही. परंतु फाटणारे नख बहुतेक वेळा वाढलेले असते. अंगठ्याचे नख जमिनीवर घासून झिजत नाही, ते न कापता ठेवले तर गोल वळत जाते आणि कधी कातडीत रुतते. याचा इलाज दोन-तीन आठवड्यांतून एकदा नखाचे टोक कापणे हा आहे. मेंढ्यांचे खूर वेळेवर कापणाऱ्या माणसाला तो शिकवावा लागत नाही. नख वाढू नये म्हणून बोटच काढणे हे आपण दुसऱ्या कोणत्याही जनावराच्या बाबतीत करत नाही. शिवाय इजा झालेल्या एखाद्या कुत्र्याचा अंगठा तेव्हा, भूल देऊन, पशुवैद्याकडून काढता येतो. एकाला होऊ शकणाऱ्या इजेसाठी सगळ्या पिल्लांची बोटे आधीच काढणे हा हिशोब मला कोणत्याही बाजूने जुळताना दिसत नाही.

दुसरा आक्षेप, इतक्या लहान पिल्लाला दुखत नाही. ही समजूत पशुवैद्यांमध्येही एकेकाळी होती, मानवी अर्भकांबद्दलही होती, आणि दोन्हीकडे ती मोडीत निघाली आहे. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ मध्ये तीन ते पाच दिवसांच्या ५० पिल्लांची शेपटी छाटताना निरीक्षण केले. प्रत्येक पिल्लू कळवळले. शेपूट आणि अंगठा या वेगळ्या जागा आहेत, पण पिल्लू तेच आणि वय तेच. नवजात पिल्लाला दुखले तरी ते पळू शकत नाही, लंगडून दाखवू शकत नाही, पाच मिनिटांत आईच्या पोटाशी जाऊन पुन्हा पिऊ लागते. त्याच्या लगेच पिण्याला वेदना नसल्याचा पुरावा मानणे हे आपल्या सोयीचे अनुमान आहे. त्यात आपल्याकडची परिस्थिती मिळवा: घरच्या कात्रीने किंवा ब्लेडने, जखमेवर हळद किंवा राख दाबून केलेले काम, गोठ्यातली जमीन, धनुर्वाताची आणि जंतूंची भीती. इंग्रजी पुस्तकातली तीन ओळींची सूचना मराठवाड्यातल्या गोठ्यात आली की तिचा अर्थ पार बदलतो.

कायद्याची भाषाही इथे पाहावी. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातले अकरावे कलम जनावराचे अंग तोडण्याला गुन्हा मानते आणि मग त्याला अपवाद देते: गुरांची शिंगे काढणे, खच्चीकरण, डाग देणे, वेसण घालणे. शेतीच्या गरजेसाठी दिलेल्या या सवलतींत कुत्र्याचे बोट नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेने २०११ मध्ये दिसण्यासाठी कान आणि शेपूट कापण्याविरुद्ध भूमिका घेतली, त्यावर कुत्रेपालकांच्या संस्थेशी न्यायालयात वादही झाला; अंगठ्याची चर्चा त्या गदारोळात मागेच राहिली. युरोपात १९८७ च्या पाळीव प्राणी संरक्षण कराराने उपचाराचे कारण नसताना शेपूट छाटणे, कान कापणे, आवाज बंद करणे, नखे आणि दात काढणे यांना एकाच ओळीत बसवले. पण कायद्याच्या धाकाने ही गोष्ट सुटेल असे मी समजत नाही. १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला कमाल ५० रुपये दंड आहे. निर्णय शेवटी पिल्लाच्या मालकाचा आणि त्याला सल्ला देणाऱ्या पशुवैद्याचाच राहणार.

मागच्या पायाच्या नखाबद्दल मात्र मी इतका ठाम नाही, आणि तिथे ठाम असू नये असेच मला वाटते. हे नख बऱ्याचदा हाडाला जोडलेले नसते, नुसत्या कातडीवर लोंबत असते, हलवले तर कुठेही हलते. त्याला पकड नाही, कंडरा नाही, आणि काट्याकुट्यांत ते अडकण्याचा धोका खरा आहे. काही कुत्र्यांत मात्र तेही हाडासकट, सांध्यासकट असते. म्हणून मोजण्याआधी चाचपावे. घट्ट असेल तर पुढच्या अंगठ्यासारखेच वागवावे. लोंबते असेल आणि कुत्रा रानात राहणारा असेल, तर ते काढणे ही सुधारणा आहे, क्रौर्य नाही; मात्र ती तिसऱ्या दिवशी कात्रीने करायची नाही. कुत्र्याची नसबंदी करायची असेल तर त्याच भुलीत, तेव्हाच, पशुवैद्याने करावी. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, शेजारी परभणीला आहे; या कामासाठी पुण्या-मुंबईकडे पाहण्याची गरज नाही.

लोंबते नख जन्मतः कापण्याला आणखी एक हरकत आहे, आणि ती ज्यांना कारवानची जात खरोखर जपायची आहे त्यांच्यासाठी. मागचे जास्तीचे नख आनुवंशिक असते. ते तिसऱ्या दिवशी कापले की महिन्याभराने पिल्लू घेणाऱ्याला ते होते हे कळत नाही, पुढे त्याची जोडी लावणाऱ्याला कळत नाही, आणि नको असलेला गुण पिढ्यान्‌पिढ्या झाकून पुढे जातो. कापणारा प्रत्येक वेळी कापत राहतो. न कापता नोंद ठेवली तर दोन-तीन पिढ्यांत कोणत्या घराण्यात हे नख येते ते कळेल, आणि जोड्या विचाराने लावता येतील. याच मुलखाने हे काम गुरांच्या बाबतीत करून दाखवले आहे. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी या जाती आज देशाच्या नोंदीत आहेत, कारण इथल्या पशुपालकांनी रंग, शिंग, कपाळ, कान बारकाईने पाहिले. देवणीत तर अंगावरच्या पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांवरून वानेरा, बालंक्या, शेवेरा असे प्रकारही पाडले. कारवानच्या पायाची अशी नोंद माळेगावच्या प्रदर्शनात सहज सुरू होऊ शकते. परीक्षकाच्या तक्त्यात उंची, छाती, रंग यांच्याबरोबर चार रकाने वाढवावेत, प्रत्येक पायाला एक: किती नखे, पुढचा अंगठा शाबूत की कापलेला, मागचे असल्यास घट्ट की लोंबते. कापलेल्या अंगठ्याला गुण जास्त देऊ नयेत, शाबूत अंगठ्याला कमी करू नयेत, आणि हे नियमांत आधीच छापावे, म्हणजे पुढच्या हंगामात पिल्ले वाढवणारा त्याप्रमाणे ठरवेल.